पेशंटला एकदा एकटं भेटा : नागपूरच्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मनोविकारतज्ज्ञांसाठी नाही. महाल, सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा, जरीपटका आणि तिकडे काटोल, उमरेड, रामटेकपर्यंत ज्यांच्या दवाखान्यातले बाक सकाळ-संध्याकाळ भरलेले असतात, त्या तुम्हा मंडळींसाठी आहे. आमच्यासारखी माणसं आधी तुमच्याकडेच येतात. ताप आला तरी, चक्कर आली तरी, आणि घरातली पोरगी 'वेगळीच वागून राहिली' तरी. मेंदूचा नाहीतर मनाचा डॉक्टर आमच्या आयुष्यात फार उशिरा येतो, तोही तुम्ही चिठ्ठी दिली तर. म्हणून तुमच्या हातात जे आहे ते दुसऱ्या कुणाच्याही हातात नाही.

मी डॉक्टर नाही. सरकारी कचेरीत फायली सांभाळून नोकरी केली. पण माझ्या धाकट्या बहिणीमुळे डिसोसिएशनच्या, म्हणजे भान, आठवण आणि ओळख तुटत जाण्याच्या, या एका आजाराबद्दल मला जे शिकावं लागलं, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं फार वाटतं. तिला विचारूनच लिहिते आहे. "माझं नाव नको लिहू, बाकी सगळं लिही," असं ती म्हणाली.

जून २००६. सकाळी अकराच्या सुमारास माझ्या ऑफिसात फोन वाजला. धाकटी एक रुपयाच्या डब्यावरून बोलत होती. "ताई, मी वर्ध्याच्या स्टँडवर आहे. इथं कशी आली, मले समजून नाही राहिलं." ती तेव्हा बावीस वर्षांची. सीताबर्डीला टायपिंगच्या क्लासला म्हणून घरून निघाली होती. मी मिळेल ती गाडी पकडून वर्धा गाठलं. स्टँडवरच्या एका खांबाला टेकून ती बसली होती, मूठ घट्ट मिटलेली. मुठीत गणेशपेठहून वर्ध्याचं तिकीट होतं. घडी घालून घालून इतकं बारीक केलेलं, की उलगडताना ते माझ्या हातात फाटलं. तिकीट तिनेच काढलं होतं, पैसे तिच्याच पर्समधून गेले होते. क्लासचा रस्ता सोडून ती गणेशपेठला कधी वळली, गाडीत कुठे बसली, शेजारी कोण होतं, यातलं काही तिच्यापाशी नव्हतं.

त्या दिवसापासून बरोबर निदान व्हायला आठ वर्षं गेली.

पहिल्या डॉक्टरांनी मिरगी सांगितली. मिरगीच्या गोळ्या तिने चार वर्षं घेतल्या. दुसऱ्या एका दवाखान्यात रात्री तिला झटके आले म्हणून नेलं, तर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी छातीच्या हाडावर मूठ घासली, नाकाशी अमोनिया धरला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "काही नाही, नाटक आहे. लग्न करून द्या." तिने ते ऐकलं होतं. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत होतं, हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. आणखी एका ठिकाणी चिठ्ठीवर 'हिस्टेरिया' एवढा एकच शब्द लिहून मिळाला. आई ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात घेऊन गेली. तिला वाटलं, ते औषधाचं नाव आहे.

मधल्या काळात, २००८ मध्ये, एका भगताकडेही नेऊन झालं. मिरच्यांची धुरी दिली. तेव्हा कायदा नव्हता. आता आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये, आपल्याच नागपुरातल्या हिवाळी अधिवेशनात, जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. भगताकडे नेण्यात मीही होते. ते मी लपवणार नाही.

या सगळ्यात कुणीच एक साधा प्रश्न विचारला नाही : मधला वेळ हरवतो का?

वर्ध्याची गोष्ट मोठी होती म्हणून आम्हाला दिसली. लहान गोष्टी कितीतरी आधीपासून घडत होत्या. फडताळात तूरडाळीचे तीन पुडे, एकाच आठवड्यात आणलेले, कारण आधीचे दोन आणल्याचं तिला आठवतच नव्हतं. शेजारच्या काकू पायरीवर म्हणायच्या, "काल काय भांडली गं माझ्याशी!" आणि ही मान डोलवून "चुकलं काकू" म्हणून मोकळी व्हायची. भांडण तिला ठाऊकच नसायचं. समोरच्याच्या बोलण्यातून अंदाज घेत घेत हरवलेला वेळ शिवून काढण्यात ती तरबेज झाली होती. नाटक करणारा माणूस दाखवतो, आणि ही लपवत होती. दवाखान्यात तुमच्यासमोर बसली तरी ती लपवणारच होती, कारण आपल्याला वेड लागलंय याची तिला लहानपणापासून खात्री होती.

या अवस्थेला डॉक्टरी भाषेत डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ सालीच याचा पद्धतशीर विचार मांडला होता. मराठीत आपण रोज बोलतोच की : भान हरपलं, मी माझ्यात नव्हते, भानावर आले. थोडंफार हे सगळ्यांचंच होतं. बर्डीवरून हिंगण्याला गाडी चालवत जावं आणि मधले सिग्नल कसे ओलांडले ते आठवू नये, हा आजार नव्हे. आजार तिथे, जिथे आठवण, ओळख, शरीराची जाणीव यांची वीण उसवत जाते आणि माणसाचं जगणं अडतं. कुणाला फक्त आठवणीत खड्डे पडतात. कुणाला सतत वाटतं, मी काचेच्या पलीकडून स्वतःकडे बघते आहे, आजूबाजूचं सगळं खोटं आहे. यातला 'जणू' फार महत्त्वाचा. 'जणू मी खरी नाही' म्हणणाऱ्या पेशंटला ती खरी आहे हे आतून माहीत असतं. सगळ्यात गुंतागुंतीचा प्रकार म्हणजे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. एकाच माणसात दोन किंवा जास्त वेगळ्या ओळखी, ज्या आळीपाळीने वागण्या-बोलण्याचा ताबा घेतात, आणि त्यांच्यामध्ये विसरण्याच्या भिंती. पूर्वी याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे. १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने ते नाव बदललं. एका देहात अनेक माणसं राहतात असं नसून एकच ओळख नीट जुळून आलेली नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

इथे एका शब्दाने आपलं फार नुकसान केलंय. 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' हा शब्द आपण स्किझोफ्रेनियालाही लावतो आणि यालाही. दोन्ही आजार वेगळे, उपचारही वेगळे. धाकटीला आवाज ऐकू येतात म्हटल्याबरोबर एका ठिकाणी स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू झाली. आवाज डोक्याच्या आतून येतात की बाहेरून, कधीपासून येतात, काय बोलतात, हे विचारलंच नाही. तिचे आवाज आतले होते, पहिली-दुसरीत असल्यापासूनचे. नुसत्या एवढ्यावरून निदान होत नाही, हे मला आता कळतं. पण तिथूनच विचारपूस पुढे जाऊ शकली असती.

आपल्या नागपूरला 'दोन ओळखी' म्हटलं की शारदेची गोष्ट आठवते. १९७४ च्या सुमारास इथे विद्यापीठात शिकवणाऱ्या एक मराठी बाई अचानक बंगाली बोलू लागल्या, बंगाली पद्धतीने वागू लागल्या, आपण जुन्या काळातली शारदा आहोत असं सांगू लागल्या. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि आपल्याकडच्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरीचा यांनी त्याचा अभ्यास केला, परदेशी मनोविकार नियतकालिकात त्यावर लिहिलं. पुनर्जन्माचा वाद मी इथे उकरत नाही. मला खटकतं ते वेगळं. ही गोष्ट ऐकत मोठे झालेले आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, असा आजार म्हणजे दुसरी भाषा, दुसरा पोशाख, दाराशी गर्दी, असंच समजतो. धाकटीने कधी वेगळी भाषा बोलली नाही. तिच्यात जी दुसरी यायची ती फक्त जरा कमी बोलायची, भाजीत तिखट चालत नसे, आणि मला 'ताई' न म्हणता नावाने हाक मारायची. आम्ही म्हणायचो, रागात आहे. बहुतेक पेशंट असेच असतात, सिनेमातल्यासारखे नसतात.

अंगात येण्याबद्दलही बोलायला हवं. नवरात्रात कोराडीला एखाद्या बाईच्या अंगात देवी आली, आरती संपल्यावर ती शांत होऊन घरी गेली, घरचं सगळं नीट चाललं आहे, तर तिला कुठलाही डॉक्टर आजारी म्हणणार नाही. निदानसंहितेत तसं स्पष्ट लिहिलंय : समाजात सर्वमान्य असलेल्या धार्मिक रीतीचा भाग असेल तर तो विकार नव्हे. पण तेच नको असताना, वेळी-अवेळी, पुन्हा पुन्हा येत असेल, माणूस त्याने पिळवटून जात असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ११ व्या आजारसूचीत त्याला स्वतंत्र निदान आहे. रीत आणि आजार यांतला फरक घरच्यांपेक्षा तुम्हीच शांतपणे समजावू शकता. देवीचा अपमान न करता.

आता निदान कसं झालं ते सांगते. हे सगळ्यात सविस्तर सांगावंसं वाटतं.

२०१४ मध्ये एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो. जाताना रिक्षावाल्याने पागलखाना चौक म्हटलं की धाकटी खिडकीबाहेर तोंड करायची. चौकाचं नाव तेच, आजतागायत. (याच शहराने एकेकाळी सूफी संत ताजुद्दीन बाबांनाही त्या पागलखान्यात ठेवलं होतं, १८९२ पासून सुमारे सोळा वर्षं. आज ताजबागेत त्याच बाबांसमोर लाखो लोक डोकं टेकवतात. घाईने मारलेल्या शिक्क्याचं काय होतं, हे नागपूरला शिकवायला नको.)

पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी कुठलंच नाव घेतलं नाही. शरीराचं आधी तपासलं : ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, मेंदूचा एमआरआय, थायरॉइड. मिरगीचे काही प्रकार असे असतात, की माणूस हिंडतो-फिरतो आणि त्याला काही आठवत नाही, म्हणून हे टाळून चालत नाही. एक ईईजी चांगला आला म्हणून मिरगी नाहीच, असंही नव्हे, हे त्यांनीच समजावलं. धाकटीचे झटके आम्ही मोबाइलवर टिपले होते, ते त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. डोळे घट्ट मिटलेले, झटका कमी-जास्त होत पाच-दहा मिनिटं चालणारा. दारू, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार, सगळं विचारलं. मूड चढणं-उतरणं कसं आहे, आठवडाभर टिकतं की एका तासात बदलतं, तेही विचारलं, कारण बायपोलरचा शिक्काही एकदा बसून झाला होता.

मग एक प्रश्नावली दिली. २८ प्रश्न. १९८६ साली बर्नस्टीन आणि पटनम यांनी तयार केलेली. प्रत्येक अनुभव आपल्याला किती वेळा येतो, ते शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सांगायचं. त्यात एक प्रश्न होता : आपण एखाद्या ठिकाणी पोचलो आहोत आणि कसे पोचलो ते कळत नाही, असं होतं का? आणखी एक होता : आपल्या सामानात नवीन वस्तू सापडतात, पण घेतल्याचं आठवत नाही, असं होतं का? धाकटी तो कागद हातात धरून बसून राहिली. वर्ध्याचं तिकीट आणि तूरडाळीचे तीन पुडे कुणीतरी तिला न बघता, आधीच छापून ठेवले होते. "म्हणजे मी एकटी नाही?" एवढंच तिने विचारलं.

प्रश्नावलीतले गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही. त्याने पुढे खोदायचं की नाही एवढंच ठरतं. त्यानंतर पाच भेटी झाल्या, प्रत्येक तासाभराची. चौथ्या भेटीत डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं : डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर.

एवढा वेळ का लागतो? ओळखीच्या विकाराचं निदान रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही, ते ऐकूनच करावं लागतं. आणि ऐकताना पेशंटच्या तोंडी शब्द घालून चालत नाही. या आजाराबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहेत, ते खोटे नाहीत. काहींच्या मते बालपणीचा छळ हे याचं मूळ, तर काहींच्या मते सूचना, संमोहन, टीव्ही-सिनेमा यांनीही अशा ओळखी घडतात. 'तुझ्यात दुसरी कोण आहे? नाव काय तिचं?' असं विचारलं, तर नाव मिळेलही, पण ते तुम्ही दिलेलं असेल. 'मधला वेळ आठवत नाही असं होतं का?' एवढं विचारावं आणि गप्प बसावं. तुम्हाला निदान करायचं नाहीच. दार उघडायचं आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते.

त्या पाच भेटींत मला आत जाऊ दिलं नाही. पहिल्यांदा मला राग आला. आठ वर्षं मी धावपळ केली, आणि मलाच बाहेर? डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याशी मी वेगळं बोलेन. तिच्याशी एकटीशी बोलायचंय." त्या बंद दारामागे धाकटीने पहिल्यांदा सांगितलं, की ती सात वर्षांची असल्यापासून घरातलाच एक माणूस तिच्याशी काय करत होता. आमचा जवळचा नातेवाईक. आम्ही त्याला देवमाणूस म्हणायचो. धाकटीला प्रत्येक दवाखान्यात स्कूटरवर बसवून तोच न्यायचा. आठ वर्षं, प्रत्येक डॉक्टरांसमोर, तिच्या शेजारच्या खुर्चीत तोच बसलेला असायचा. "कधीपासून होतं?" असं डॉक्टर विचारायचे आणि उत्तर तो द्यायचा.

डॉक्टर मंडळी, हे वाचून झाल्यावर उद्या सकाळी तुमच्या दवाखान्यात जी खुर्ची पेशंटच्या शेजारी ठेवलेली असते, तिच्याकडे एकदा बघा. मी त्या खुर्चीबद्दलच बोलते आहे.

माझं मागणं फार मोठं नाही. समोर बाईमाणूस असो की पोरगा, लक्षणं जुळत नसतील, झटके येत असतील आणि तपासण्या चांगल्या येत असतील, तर नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवा. पुरुष डॉक्टर असाल तर दवाखान्यातल्या सिस्टरला आत ठेवा. 'बीपी बघायचं आहे' म्हणालात तरी चालेल, पण एकटं भेटा. घरी भीती वाटते का, रात्री झोप लागते का, मधला वेळ हरवतो का, एवढं विचारा. पहिल्या दिवशी ती काही बोलणार नाही. दुसऱ्या भेटीत कदाचित बोलेल, कारण तुम्ही विचारणारे आहात हे तिला कळलेलं असेल. अठरा वर्षांखालचं लेकरू असेल आणि अत्याचाराचा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण एकटं भेटल्याशिवाय संशय येणार कुठून?

'नाटक' हा शब्द कृपा करून वापरू नका, निदान तिच्यासमोर तरी नको. 'हिस्टेरिया'ही नको. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर, समाजाच्या नीती-रूढींवर नाही. लग्न करून द्या हा सल्ला कुठल्याही निकषात बसत नाही. आमच्या धाकटीचं लग्न त्या सल्ल्यावर जवळजवळ ठरलंच होतं.

एक गोष्ट यातून वेगळी काढून सांगायला हवी, कारण 'ओळख' हा शब्द तिथेही येतो. एखादा मुलगा म्हणतो मी मुलगी आहे, आणि आईबाप त्याला तुमच्याकडे घेऊन येतात. तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जी आजारसूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिने ते मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकलं आहे. त्याला बरं करायला निघू नका. त्याला घरात मार पडतो का, तेवढं मात्र जरूर विचारा, एकट्याला.

पुढे कुठे पाठवायचं हा प्रश्न आपल्या शहरात तरी अडू नये. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. चिठ्ठीवर निदान लिहू नका, तुम्ही पाहिलेलं लिहा : झटका किती मिनिटं होता, डोळे उघडे होते की मिटलेले, मधलं काय आठवत नाही, कुठली औषधं आजवर दिली गेली. तशी चार ओळींची चिठ्ठी आम्हाला पहिल्या वर्षी मिळाली असती, तर मिरगीच्या गोळ्यांची चार वर्षं कदाचित वाचली असती. आणि जीव देण्याचे विचार येतात का, हे न लाजता विचारा. या आजाराच्या बाह्यरुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी कधी ना कधी तसा प्रयत्न केलेला असतो, असं अमेरिकन निदानसंहितेतच नोंदवलंय. धाकटी त्यातलीच. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर दवाखान्याच्या भिंतीवर लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

उपचार गोळीने होत नाहीत, गोळ्या झोपेला आणि उदासीला. मुख्य काम बोलण्याचं, आणि तेही क्रमाने : आधी सुरक्षितपणा, मग हळूहळू त्या आठवणी, मग तुटलेलं जोडणं. आधी सुरक्षितपणा म्हणजे काय, तर आम्ही घर बदललं. त्या माणसाशी संबंध तोडले. आईला ते पेलायला दोन वर्षं लागली. धाकटी आता नोकरी करते. वेळ अजूनही कधी कधी हरवतो, पण ती वहीत लिहून ठेवते, आणि ती वही आतल्या सगळ्याच जणी वाचतात, असं ती हसून सांगते. नावाने हाक मारणारी अजून येते. मी तिला आता ओ देते.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे जातो. धाकटी आत जाते, दार लागतं. मी बाहेरच्या बाकावर बसते, डब्यातल्या संत्र्याच्या फोडी खाते, पेपर वाचते. आत काय बोलणं होतं, मला माहीत नाही. मी विचारतही नाही.

आपली,
एक मोठी बहीण
नागपूर